गोठ्याचे पत्रे वादळाआधी पक्के करून घेतले, रावेरकडच्या फॅब्रिकेशनवाल्याचा अनुभव

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली का वावधानाची, म्हणजे वादळवाऱ्याची, धास्ती सुरू होते. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळीची बाग अर्ध्या तासात आडवी होते, घडाला पट्टी बांधा, वारा अडवायला बांधाला शेवरीची झाडं लावा, त्यापुढे माणसाच्या हातात फार काही नसतं. पण मागच्या वर्षी गोठ्याचे चार पत्रे उडाले आणि एक म्हशीच्या पाठीला कापत गेला, टाके पडले बिचारीला. आधीच्या मिस्त्रीने हुक लांब लांब मारले होते अन वरून दगड ठेवले होते, ते दगड पण खाली आले. म्हणून यंदा आखाजीच्या आधीच दुसऱ्या माणसाला बोलवलं.

या भाऊंनी पहिल्यांदा पत्र्याला हातच लावला नाही, खाली बसून पाईपाचे पाय बघितले. दोन पाय नुसते मुरूमात रोवलेले होते, ते उकरून काँक्रीटमध्ये बसवले. म्हणे पत्रा घट्ट अन पाय ढिले असले तर वारा अख्खं शेड उचलतो. वारा वरून दाबत नाही, पत्र्याला वर खेचतो, अन सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यात, म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू जवळ जवळ मारले, मधे जरा लांब. सगळे पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे पाणी साचून गळत नाही. प्रत्येक रबरी वॉशरवर बोट ठेवून फिरवून बघत होते, फिरलं तर ढिलं, चेपून बाहेर आलं तर जास्त आवळलं, असे सात-आठ स्क्रू काढून परत मारले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मला तिथेच पटलं.

तक्रार एकच, सांगितल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आले, आणि बिल मागून घ्यावं लागलं. मजुरी आधीच्यापेक्षा जास्त आहे पण जनावराच्या टाक्यांपुढे काहीच नाही.

मे अखेरीला संध्याकाळी पश्चिमेकडून काळंभोर आलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर कळवतं, ते वाजलं तशा म्हशी निंबाखालून सोडून आत घेतल्या, मोकळे ड्रम अन ताडपत्री पण आत टाकली. मग जे सुटलं वारं! शेजारची केळी कडाकड मोडत होती, आवाज ऐकवत नव्हता. आमच्या पण दोन ओळी गेल्या, वाईट वाटलंच. पण पत्रा एक हलला नाही, म्हशी शांत रवंथ करत होत्या.

पाचपैकी चार देतो, एक उशिराचा कापला. कोणाला करायचं असेल तर चैत्रातच बोलवा, नंतर त्यांना वेळ नसतो, आणि आभाळ भरून आल्यावर स्वतः पत्र्यावर चढायला जाऊ नका कृपा करून.