पाइपवरचा रंग निघाला, पाइपही गेले

प्लास्टिकच्या पाइपवरचा जुना रंग केमिकलने एका दिवसात काढून देतो, असे सांगून लातूर येथील आमच्या घरी एका रंगकाम ठेकेदाराने जे काम केले, त्यात रंग निघाला हे खरे. परंतु त्याबरोबर पाइपही निकामी झाले, आणि दोष अंगावर येताच हे पाइप मुळातच बनावट होते असे सांगून तो मोकळा झाला. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार दाखल झालेली आहे. कामाची पद्धत मात्र सविस्तर सांगतो.

घरातील न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात गरम व थंड पाण्याचे सीपीव्हीसी पाइप भिंतीवर उघडे आहेत, तर मागच्या भिंतीवरून सांडपाण्याचे जाड यूपीव्हीसी पाइप उतरतात; दोन्ही पीव्हीसी या प्लास्टिकचेच प्रकार. पूर्वीच्या रंगाऱ्याने भिंतीबरोबर या सगळ्यांवर ऑइल पेंट फिरवला होता आणि त्याचे पोपडे सुटू लागले होते. ठेकेदाराने फुटाला ३५ रुपये दर सांगितला, बाहेरचे पाइपही त्यात धरले आणि बिनलेबलचा डबा उघडून खिडकीच्या लोखंडी गजावर नमुना दाखवला. काही मिनिटांत रंग फुगून वर आला. तोच नमुना पाइपच्या सुट्या तुकड्यावर दाखवा, असे मी म्हटले तेव्हा उत्तर मिळाले, “काका, पाइप काय अन् गज काय, केमिकल तेच आहे.”

खरी गोम इथेच आहे. लोखंडाला द्रावकाने, म्हणजे रंग वा प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रव्याने, काही होत नाही. पीव्हीसी आणि सीपीव्हीसीला होते. प्लंबर ज्याला सोल्यूशन म्हणतात ते जोड चिकटवण्याचे द्रव्य याच गुणावर काम करते: त्यातील टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन यांसारखी द्रावके पाइपचा पृष्ठभाग विरघळवतात आणि ती उडून गेल्यावर दोन तुकडे एकजीव होतात. थिनरमध्ये टोल्युइन, अॅसिटोन अशी द्रावके असतात, आणि रंग उतरवण्याची तीव्र रसायने तर लाकूड व धातूसाठीच बनवलेली असतात. अशा द्रव्याने पाइप लगेच फुटत नाही. तो मऊ पडतो, चिकट लागतो, नंतर वरून कडक होतो आणि जिथे आधीच ताण असतो त्या एल्बोपाशी (वळणाच्या जोडापाशी) व क्लॅम्पखाली केसासारख्या बारीक भेगा धरतो. काम संपणे आणि नुकसान दिसणे यांत पडणाऱ्या या अंतरावरच ठेकेदाराचा सगळा व्यवहार उभा होता. पाइपला हात लावताच तो चिकट लागतो, ही तक्रार मी त्याच संध्याकाळी केली, तेव्हा ‘सुकला की जाईल’ असे सांगून त्याने घाईने नव्या रंगाचा हात मारला आणि उरलेले पैसे घेतले.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे गच्चीवरची टाकी हाच आधार असतो. पुढे एके रात्री न्हाणीघरातील दोन एल्बोंतून ती टाकी रिकामी झाली. ठेकेदाराने येऊन पाहिले आणि पाइप ‘लोकल माल’ असल्याचे ठरवून टाकले. वर ते सगळे बदलून देण्याचा नवा दरही लगेच सांगितला. पाइपवर कंपनीचे नाव, मापे आणि मानक क्रमांक छापलेला असतो, तो दाखवा, असे त्याचे म्हणणे होते. ती छपाई त्याच्याच केमिकलने पुसून गेली होती. सुदैवाने माळ्याच्या मागे, जिथे त्याचा ब्रश पोहोचला नव्हता, तिथे ‘आयएस १५७७८’ हा सीपीव्हीसीचा मानक क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. त्याचे छायाचित्र काढले आणि कापून काढलेल्या तुकड्यांसह जपून ठेवले. काम सुरू होण्यापूर्वी अशी छायाचित्रे प्रत्येकाने काढून ठेवावीत.

बाहेरच्या पाइपवरचा रंग काढण्याची तर गरजच नव्हती. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातील अतिनील किरणांनी पीव्हीसी कालांतराने ठिसूळ होते. फिकट रंगाचा, पाण्यात मिसळणारा रंग तिथे संरक्षणच देतो. सुटलेले पोपडे खरवडून त्यावर असा रंग दिला असता तरी पुरले असते.

घरातील पाइपचे काम नंतर एका जाणत्या प्लंबरच्या सल्ल्याने उरलेल्या भागावर आम्हीच केले. गुळगुळीत प्लास्टिकवर ऑइल पेंटची पकड मुळात कमीच असते. कोमट साबणपाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून ठेवावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने रंग खरवडावा. राहिलेले डाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावत, हलक्या हाताने घासावेत. हीट गन मात्र लावू नये. साधारण ८० अंश सेल्सिअसला पीव्हीसी मऊ पडते. वेळ लागतो आणि हात दुखतात, हे मान्य.

ठेकेदाराने फोन उचलणे बंद केल्यावर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि कामासाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पक्के बिल त्याने दिले नव्हते. पण दर, कामाचे स्वरूप आणि ‘पाइपला काही होणार नाही’ हे त्याचे आश्वासन व्हॉट्सअॅपवर लेखी होते, पैसेही यूपीआयने दिलेले होते. तेवढ्या कागदांवर तक्रार दाखल झाली असून निकाल अजून लागायचा आहे.