एआय शोधसाधनं आणि बडोद्यातलं संशोधन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एलिसिट, कन्सेन्सस, सिमँटिक स्कॉलर, कनेक्टेड पेपर्स आणि साइट (scite) ही शोधनिबंध शोधायला आणि तपासायला मदत करणारी साधनं काही महिने रोजच्या कामात वापरून झाली. विषय ग्रंथालयांचा आणि शिक्षणाचा इतिहास. म्हणजे निम्मं वाचन इंग्रजी शोधनिबंधांचं आणि निम्मं बडोदा संस्थानच्या जुन्या छापील कागदांचं. पहिल्या निम्म्याला ही साधनं फार उपयोगी पडतात. दुसऱ्या निम्म्यात त्यांच्यावर विसंबलात तर प्रबंधाला भगदाड पडेल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत पीएचडीच्या कामाला बसणाऱ्यांनी हा फरक सुरुवातीलाच ओळखावा.

कारण साधं आहे. यातली बरीचशी साधनं सिमँटिक स्कॉलरच्या साठ्यावर चालतात. साठा मोठा आहे, २० कोटींहून जास्त नोंदी. पण त्यात प्रामुख्याने येतं ते डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) असलेलं, इंग्रजी सारांश असलेलं लेखन. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांच्या उभारणीसाठी बोलावलं. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे इंग्रजी, गुजराती आणि मराठी मजकुराचं त्रैमासिक इथून निघू लागलं. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवालही आहेत. यातल्या कशालाच डीओआय नाही. आणि साधन ‘हे माझ्याकडे नाही’ असं क्वचितच सांगतं, ते शेजारचं काहीतरी आणून देतं. संस्थानातल्या फिरत्या ग्रंथपेट्या आणि स्त्री-वाचक यांवर प्रश्न विचारा, अमेरिकेतल्या फिरत्या वाचनालयांवरचे निबंध पुढे येतील. तुलनेच्या प्रकरणाला ते चालतात, बडोद्याचा पुरावा म्हणून नाही.

इंग्रजी निबंध शोधताना सुटे शब्द टाकू नका. काळ, प्रदेश, कोणावर काय परिणाम हे सगळं असलेला एक पूर्ण प्रश्न इंग्रजीत लिहा. आलेल्या निबंधांत अभ्यासक कोणत्या संज्ञा वापरतात ते टिपा आणि त्याच संज्ञा अवतरण चिन्हांत घालून गूगल स्कॉलरमध्ये पुन्हा शोधा. खरी कमाई या दुसऱ्या फेरीत होते. बडोदा आणि वडोदरा दोन्ही टाका. गायकवाडचं रोमन स्पेलिंग ‘डी’ने संपणारं आणि ‘आर’ने संपणारं, दोन्ही. जुन्या इंग्रजी मजकुरात दुसरं सर्रास दिसतं.

कनेक्टेड पेपर्स एका निबंधावरून त्याच्याशी संबंधित निबंधांचा आलेख काढून देतं. फुकट खात्यावर महिन्याला असे ५ आलेख मिळतात, म्हणून सुरुवातीचा तो बीज-निबंध विचार करून निवडा. आलेखात प्रत्येक ठिपका म्हणजे एक निबंध. दोन ठिपके जवळ आहेत म्हणजे एकाने दुसऱ्याचा संदर्भ दिलाय असं नव्हे. दोघांचे संदर्भ किती सामाईक आहेत, यावरून ते अंतर ठरतं. साइट (scite) हे साधन एका निबंधाच्या दुसऱ्या निबंधांतल्या प्रत्येक उल्लेखाला समर्थन, विरोध किंवा नुसता उल्लेख असं लेबल लावतं, पण लावणारं यंत्र आहे. मूळ वाक्य उघडून वाचल्याशिवाय ते लेबल प्रबंधात घेऊ नका.

एलिसिटचा तक्ता मला सगळ्यात आवडला: ओळीत निबंध, स्तंभात नमुना, पद्धत, निष्कर्ष. मात्र पूर्ण निबंध हाती नसेल तर रकाना फक्त सारांशावरून भरला जातो, आणि नमुन्याची मर्यादा सारांशात सहसा नसतेच. रकान्यावर क्लिक करून आधाराचं वाक्य बघा. ते पटलं नाही तर पीडीएफ मिळवून स्वतः चढवा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. सरकारी विद्यापीठांना त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात. घरून लॉगिन कसं करायचं ते लायब्ररीत विचारून घ्या.

चॅटजीपीटीसारख्या गप्पांच्या एआयकडून संदर्भयादी मागू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि निबंध अस्तित्वातच नाही, असा प्रकार वारंवार होतो. फक्त डीओआय उघडतोय एवढं बघणं पुरत नाही, कारण कधी क्रमांक खरा असतो पण उघडतो भलताच निबंध. शीर्षक, वर्ष, खंड आणि पानं नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेशी जुळवा. मग डीओआय टाकूनच झोटेरोत, म्हणजे संदर्भ जपून ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, नोंद घ्या. निबंध मागे घेतलेला असेल तर झोटेरो तशी सूचनाही दाखवतं.

आता मराठी-गुजराती प्रबंध. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, ते प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. पीडीएफ एआयला देण्याआधी त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. नीट देवनागरी आली तर ठीक. रोमन अक्षरांची खिचडी आली तर प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण यंत्र ती खिचडीच वाचतं आणि तिच्यावरून आत्मविश्वासाने सारांश लिहून देतं. ओळ निवडलीच जात नसेल तर ते स्कॅन आहे. या दोन्ही वेळी पानांच्या ३०० डीपीआयच्या प्रतिमा करा आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी प्रक्रिया) चालवा. थोडी पानं असतील तर गूगल ड्राइव्हमध्ये चढवून डॉक्समध्ये उघडणं सोपं, जास्त असतील तर टेसरॅक्ट हे ओसीआरचं मोफत सॉफ्टवेअर, मराठी भाषा निवडून. रफार आणि अनुस्वार गळतात, १ आणि ९ यांची अदलाबदल होते. इतिहासाच्या कामात सनावळीच चुकली तर काय उरलं? म्हणून प्रत्येक साल मूळ पानाशी ताडून घ्या.

संस्थानच्या अहवालांसाठी मात्र मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीला आणि विद्यापीठाच्या कॅटलॉगला पर्याय नाही. संदर्भ विभागातले काका-मावशी कुठला खंड कुठे आहे ते दोन मिनिटांत सांगतात. विषय मोकळेपणाने सांगा, ती माणसं मनापासून मदत करतात.

या साधनांसाठी पैसे भरायचेच तर संदर्भसाहित्याचा आढावा लिहिता त्या महिन्यापुरते भरा. वर्षभराची वर्गणी एकट्या संशोधकाला परवडतही नाही आणि लागतही नाही.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही किंवा एक्सेल ठेवा: तारीख, साधन, विचारलेला प्रश्न शब्दशः, त्यातून घेतलेले निबंध, सोडलेले आणि का सोडले. तोच प्रश्न महिन्याभराने विचारला तर उत्तर बदललेलं असतं, आणि व्हायव्हात ‘हे निबंध कसे निवडले’ असं विचारलं की दाखवायला हीच नोंद असते. एआयचा वापर प्रबंधात कुठे आणि कसा नमूद करायचा ते गाइडना विचारून त्याच वहीत लिहून ठेवा.