कौलं की स्लॅब? कोकणात घर काढायला घेतलेल्यासाठी, दोन्हींखाली राहिलेल्याकडून

आमच्या घराला दोन छपरं आहेत. पुढची पडवी, ओटी आणि माजघर कौलांखाली. मागचं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या स्लॅबखाली. वडिलांनी १९९४ साली मागची बाजू पाडून स्लॅब टाकला, तेव्हा आमच्या वाडीतला तो तिसरा स्लॅब. ढलाईच्या दिवशी साठ माणसं जेवायला होती. त्यामुळे दापोलीकडे कुणी घर काढायला घेतलं की एकदा तरी आमच्याकडे चहाला येऊन विचारतं, काय करू? एकाच पावसाळ्यात दोन्हींखाली झोपलेला माणूस म्हणून माझं मत घ्या. इंजिनिअर मी नव्हे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ‘परंपरा जपायची म्हणून कौलं घाला’ असं मी म्हणणार नाही. मंगलोरी कौल हेसुद्धा एके काळचं नवं फॅड. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि मग ही खाचांची चपटी कौलं किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे गवताचं शाकारलेलं छप्पर, नाहीतर कुंभाराने चाकावर काढलेली अर्धगोल कौलं. आमच्या आढ्याजवळची जुनी कौलं उलटी केली तर पाठीवर कारखान्याचं नाव इंग्रजीत उठवलेलं दिसतं. पणजोबांनी ती घातली तेव्हा त्यांनाही कुणीतरी ‘साहेबी थाट’ म्हणालं असणार.

जुना आहे तो उतार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी डोक्यावर थांबूच द्यायचं नाही, आणि पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडल्या पाहिजेत, एवढंच त्यामागचं शहाणपण. जांभा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, पण पाणी पितोच. म्हणून भिंतीभोवती पडवी. रत्नागिरीतला थिबा पॅलेस बघा, १९१० च्या सुमाराचा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रज सरकारने बांधला, पण जांभा आणि उतरती छपरं काही चुकली नाहीत.

आता स्लॅबच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो, कारण तेही थोडं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. त्या दुपारी आम्ही सगळे, शेजारच्या दोन घरांसकट, मागच्या स्लॅबखाली बसलो होतो. पुढच्या पाख्यावरची कौलं पत्त्यांसारखी उडत होती, ते आवाजावरून कळत होतं. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं असतं. ते अंगणात येऊन फुटतं तेव्हा तुळशीजवळ उभं राहायची सोय नसते. पुढे महिनाभर कौलं मिळेनात. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे मिटून स्लॅब म्हणालो असतो.

दुसरं, माकडं. त्यावर जास्त बोलत नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत आहे.

तिसरं, लाकूड. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागायचा, काजळी धरायची आणि वाळवी लांब राहायची. आता गॅस आहे, घर अकरा महिने बंद आहे, गणपतीत कुलूप उघडतं तेव्हा वाशातून पीठ गळत असतं. फणस-ऐनाचे वासे आजच्या भावात परवडत नाहीत.

आणि चौथं, ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही: वाटण्या. कौलारू घराचं आढं एकच असतं आणि भाऊ तिघे. स्लॅबवर मजला चढतो, जिना बाहेरून काढता येतो, दोन जावांच्या दोन चुली होतात. कोकणात स्लॅब पसरला तो काही नुसत्या मजबुतीवर नाही.

उष्म्याचं सगळेच सांगतात, मी एका वाक्यात सांगतो. मे महिन्यात रात्री अकराला स्लॅबखालचा पंखा दुपारचीच हवा खाली ढकलत असतो आणि आम्ही गाद्या उचलून माजघरात जातो. माझ्याकडे थर्मामीटरचे आकडे नाहीत, गाद्यांच्या फेऱ्या आहेत.

पण माझा निर्णय उष्म्याने झाला नाही. तो एका डागाने झाला.

२०१६ च्या जुलैत देव्हाऱ्याच्या बरोबर वर, छताला तळहाताएवढी ओल उमटली. दोन दिवसांत थेंब. आईने देवांवर प्लॅस्टिकची पिशवी धरली. गवंडी आला, वर जाऊन बघून म्हणाला, देव्हाऱ्याच्या वरच चीर आहे. डांबर ओतलं. पुढच्या वर्षी डाग फूटभर सरकला. मग कुणाच्या तरी शिफारशीने रसायनाचा कोट मारला, दहा वर्षांची गॅरंटी. ती पहिल्याच आषाढात भिजली. तिसऱ्या वर्षी वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. खर्च झाला, स्लॅबवरचं ओझं वाढलं, डाग तसाच. तोवर आईने देव ओटीवर नेले होते.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी काही मारलं नाही. उन्हाळ्यात स्लॅबवर मातीच्या पाळी घालून चौकोन पाडले आणि एकेक चौकोन पाण्याने भरून दिवसभर सोडला. दोन चौकोन कोरडे गेले. तिसऱ्याने देव्हारा भिजला. तो चौकोन होता पार नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, डागापासून बारा फुटांवर. वडिलांनी तिथे पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया हातभर उंच सोडल्या होत्या. मजला धाकट्या भावाचा. तो पुण्यात स्थायिक झाला, मजला काही चढला नाही, आणि सळया बावीस पावसाळे आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. गंज चढला की सळई फुगते, भोवतीचं काँक्रीट तडकतं. पाणी तिथून आत शिरत होतं, आतल्या आत वाट काढत होतं आणि जिथे त्याला सोयीचं वाटेल तिथे टपकत होतं.

कौलही गळतं. दर पावसाळ्यात गळतं. पण वर बघितलं की फटीतून उजेड दिसतो, बांबूने कौल जरा वर सरकवलं की झालं. फुटलेलं असेल तर दुसरं चढवायचं. माझी मुलगी दहा वर्षांची असल्यापासून हे करते. कौलाची गळती जिथे दिसते साधारण तिथेच असते. स्लॅबची कुठे आहे हे शोधण्यात माझी तीन वर्षं गेली, आणि जे तिघे आधी आले ते तिघेही पैसे घेऊन गेले.

आता कुणी म्हणेल, हा दोष सळयांचा, स्लॅबचा नव्हे. मान्य. नीट उतार देऊन, सळया न सोडता, चांगल्या हाताने टाकलेला स्लॅब टिकत असेलही. मी फक्त एवढं सांगतो की आमच्या घाटीवर उभं राहून खाली वाडी बघा. जवळजवळ प्रत्येक स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड आहे, निळी नाहीतर लाल. आमच्याही आहे. म्हणजे पावसापासून घराला वाचवायला स्लॅब, आणि पावसापासून स्लॅबला वाचवायला पत्रा. उतार टाळायला निघालेले सगळे उतारावरच परत आलेत, फक्त दोन छपरांचे पैसे देऊन. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात. त्यातलं थोडं आमच्या शेडखाली कोरडं बसून आहे.

मधला एक रस्ता आहे, ज्यांना वर मजला हवाच त्यांच्यासाठी. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकरने फिलर स्लॅब रुळवला: स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचं फारसं काम नसतं, तिथे सळयांच्या चौकटीत जुनी कौलं ठेवायची आणि वरून ढलाई करायची. काँक्रीट वाचतं, खोलीही कमी तापते म्हणतात. आमच्याकडे तो करणारा मिस्त्री मला मिळाला नाही. तुम्हाला मिळाला तर जरूर विचार करा.

घर बाराही महिने बंद राहणार असेल, माकडांचा कळप रोजचा असेल, किंवा वाटणी डोक्यावर असेल, तर मी तुम्हाला कौलांचा आग्रह करणार नाही. पण घरात वर बघणारं एक जरी माणूस राहणार असेल, तर माझं मन कुठे झुकतं ते एव्हाना कळलं असेल. निसर्ग वादळानंतर सगळे स्लॅब सांगत असताना मी पुढची बाजू पुन्हा कौलांचीच केली. वासे आणि रिपा लोखंडी पाईपच्या, कडेच्या दोन-दोन ओळी तारेने बांधलेल्या. माजघराच्या मधोमध एक काचेचं कौल.

सामान घेताना एक लक्षात ठेवा. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. त्यावर पन्नासेक जास्तीची घ्या आणि पडवीत उभी रचून ठेवा. आणि सगळी एकाच साच्याची घ्या, दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. वादळानंतर मिळेल ते उचलायच्या घाईत माझ्याकडे दोन प्रकारची आली. पूर्वेच्या पाख्यावर जिथे ती एकमेकांना भेटतात, तिथे मोठ्या झडीत अजून पातेलं ठेवावं लागतं. कुठे ठेवायचं ते घरात सगळ्यांना पाठ आहे.