सभागृहात वाय-फायवरून थेट व्हिडिओ: मल्टिकास्ट ठेवायचा की युनिकास्ट करायचा?

मल्टिकास्ट म्हणजे सगळ्यांसाठी एकच प्रत एकदाच पाठवणं, युनिकास्ट म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रत. एकाच व्हिडिओसाठी एकदाच पाठवणं स्वस्त पडणार, असं कुणालाही वाटेल. वाय-फायवर हे नेहमी खरं नसतं. मल्टिकास्ट पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) पोच मिळत नाही, म्हणून हरवलेलं पॅकेट पुन्हा जात नाही. शिवाय ते बहुतेकदा सर्वांत हळू बेसिक रेटवर (जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला जमायलाच हवा असा वेग) जातं: ५ गिगाहर्ट्‌झवर ६ एमबीपीएस, २.४ वर तर १ एमबीपीएस.

४ एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे १३१६ बाइटची सेकंदाला सुमारे ३८० पॅकेटं. ६ एमबीपीएसवर एका पॅकेटला, आधीची वाट पाहणं धरून, जवळपास २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकाच व्हिडिओत चॅनेलचा पाऊण वेळ संपला. बेसिक रेट २४ केला की हाच खर्च २२ टक्क्यांच्या आसपास येतो.

युनिकास्टमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वाय-फाय देणारं यंत्र) प्रत्येक मोबाइलला वेगळी प्रत देतो. सिग्नल चांगला असून प्रत्यक्षात १०० एमबीपीएस मिळत असतील, तर माणशी साधारण ४ टक्के वेळ जातो. त्यामुळे बेसिक रेट २४ असेल तर एका चॅनेलवर पाच-सहा जणांपर्यंत युनिकास्टच घ्या. बेसिक रेट ६ वरच ठेवावा लागणार असेल, तर ही मर्यादा अठरापर्यंत जाते. एका चॅनेलवर चाळीस जण असतील तर युनिकास्टचं गणितच बसत नाही.

चॅनेल वाढवण्याचा फायदाही दोन्हीकडे सारखा नाही. युनिकास्टमध्ये चाळीस जण तीन एपींवर विभागले की प्रत्येक चॅनेलवर तेरा-चौदाच उरतात, म्हणजे निम्मा वेळ मोकळा. मल्टिकास्टचा खर्च मात्र श्रोते कितीही असोत, प्रत्येक चॅनेलवर तेवढाच. आणि दोन एपी एकाच चॅनेलवर असले तर तीच हवा दोनदा खर्च होते. म्हणून रुंद चॅनेलचा, म्हणजे ८० मेगाहर्ट्‌झचा मोह टाळा; ३६ ते ४८ हे चारही चॅनेल त्यात एकत्र होतात. २० मेगाहर्ट्‌झ ठेवून ३६, ४४, १४९ असे वेगळे द्या.

युनिकास्टसाठी होस्टएपीडी या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एपीत मल्टिकास्ट-टू-युनिकास्ट पर्याय १ करायचा. मल्टिकास्ट ठेवायचा असेल तर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफईसी (हरवलेलं पॅकेट परत जुळवता यावं म्हणून जोडलेला जादा डेटा) लावा, नाहीतर एक पॅकेट गेलं की चित्रावर चौकोन दिसू लागतात. डीटीआयएम (एपीच्या दर कितव्या बीकननंतर, म्हणजे ठरावीक वेळाने होणाऱ्या घोषणेनंतर, अडवलेली मल्टिकास्ट पॅकेटं सोडायची तो आकडा) १ ठेवा. एकही मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी झोपला, तर एपी मल्टिकास्ट पॅकेटं डीटीआयएमपर्यंत अडवून ठेवतो. ३ वर ठेवलं तर ही अडवणूक ३०७ मिलिसेकंदांपर्यंत जाते, आणि एपीचा छोटा बफर भरला की पॅकेटं टाकली जातात. बेसिक रेट २४ केल्यावर शेवटच्या रांगेतल्या मोबाइलचं कनेक्शन तुटतं का, हे रिकाम्या सभागृहात नव्हे, माणसं बसलेली असताना तपासा. शरीरं सिग्नल शोषतात.

एक बिघाड हमखास चकवतो. व्हिडिओ नीट सुरू होतो आणि चार मिनिटं वीस सेकंदांच्या सुमारास सगळ्यांचा एकदम थांबतो. एपीला दोष देऊ नका. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणत्या पोर्टवर हवा आहे याच्या नोंदी ठेवणं) चालू आहे, पण त्या नोंदी ताज्या राहाव्यात म्हणून वेळोवेळी विचारणा करणारा क्वेरिअर नाही. नोंदी २६० सेकंदांनी मिटतात. एका स्विचवर किंवा राउटरवर क्वेरिअर चालू करा. स्नूपिंग बंद करणं हा उपाय नाही, कारण मग कुणीच न पाहणाऱ्या एपीवरही व्हिडिओ हवेत जात राहतो.