युड्रॅजिट एस १००: कवच झकास, औषध सोडताना कंजूष

जठरात तरंगत तिथेच औषध सोडणारे पोकळ सूक्ष्मगोल बनवायचे म्हटले की बडोद्याच्या फार्मसी लॅबमध्ये पहिली बरणी उघडते ती बहुधा युड्रॅजिट एस १०० या पावडरीची. पांढरी, बारीक, हाताला चिकटणारी. पीएच ७ च्या वरच विरघळणारा हा पॉलिमर जठरातल्या आम्लाला अजिबात दाद देत नाही. गुण तोच आणि अडचणही तीच.

रूढ कृती अशी. पॉलिमर १ ग्रॅम, औषध १०० मिलीग्रॅम, इथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन प्रत्येकी ८ मिली. हे द्रावण २०० मिली पाण्यातल्या ०.७५ टक्के पीव्हीएमध्ये (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) बारीक धारेने सोडायचे, ४० अंशांवर आणि ३०० आरपीएमवर तासभर ढवळायचे. इथेनॉल झटकन पाण्यात पळते आणि थेंबाच्या अंगावर पॉलिमरची साय धरते. आत कोंडलेले डायक्लोरोमिथेन उडून गेले की पोकळी उरते. पीव्हीए गार पाण्यात भुरभुरून मग ८० अंशांपर्यंत तापवावे. थेट गरम पाण्यात टाकले की गुठळ्या, आणि त्या गाळत बसण्यात दुपार जाते.

बडोद्याच्या मे महिन्यात मात्र सांभाळून. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आसपासच उकळते. बिन एसीच्या खोलीत ते पिपेटमधून आपोआप ठिबकते, उघड्या बीकरमधून उडते आणि द्रावकांचे प्रमाण बिघडते. बाटली आधी बर्फात ठेवा, काम फ्यूम हूडमध्येच करा. गुजरातेत दारूबंदी असल्याने शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, तेव्हा साठ्याचा हिशेबही आधीच लावून ठेवलेला बरा.

गोलांऐवजी शेवया किंवा कापसासारखे धागे निघाले तर पावडरीला दोष देऊ नका. इथेनॉल फार घाईने निघून गेले, एवढाच त्याचा अर्थ. थोडे आयसोप्रोपेनॉल मिसळले की घाई कमी होते; डायक्लोरोमिथेन, इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल ५:६:४ घेतल्यास गोल नीट येतात आणि उत्पादनही वाढते.

आता खरी तक्रार. नुसत्या एस १०० च्या कवचातून आम्लात औषध फारच हळू बाहेर येते. बाकीचे आतड्यात, म्हणजे जिथे सोडायचे नव्हते तिथे सुटणार! कवचात थोडे एचपीएमसी, म्हणजे पाण्यात विरघळणारा पॉलिमर, घातले की सुटका वाढते, पण तरंगणे कमी होते. ही ओढाताण प्रत्येक औषधासाठी नव्याने सोडवावी लागते. पाण्यात सहज विरघळणाऱ्या औषधांसाठी तर ही पद्धत जवळजवळ बादच समजा. मेटफॉर्मिनसारखे औषध गोलात राहण्याऐवजी पीव्हीएच्या पाण्यात निघून जाते आणि धुवून ओतून दिले जाते.

तरंगण्याच्या आकड्यावर भाळू नये. साध्या आम्लात पृष्ठताणामुळे भरीव गोलही वर राहतात आणि निकाल ९० टक्क्यांच्या पुढे दिसतो. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ९०० मिली, त्यात ०.०२ टक्के ट्वीन ८० (पृष्ठताण कमी करणारा पदार्थ), ३७ अंश, पॅडल १०० आरपीएम, १२ तास. एवढ्यानंतर वरचे आणि तळचे वेगवेगळे वाळवून वजन करा. ट्वीन नसलेला निकाल वाचूच नये, असे आमचे मत.

गोळीपेक्षा गोल सरस ते एका बाबतीत: एक बुडाला तरी बाकीचे तरंगत राहतात. पण रिकाम्या पोटी दीड-दोन तासांनी जठर झाडून काढणारी लाट येते, तेव्हा तरंगण्याचा उपयोग जेवणानंतरच.

वाळवताना नाकावर विसंबू नका. वास गेला तरी पोकळीत डायक्लोरोमिथेन अडकलेले असते आणि आयसीएचची (औषधांचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) मर्यादा ६०० पीपीएम आहे. निर्वातात वाळवून नमुना जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) लावावा, आणि तोही गोल फोडून.