फायनल फँटसी सहा की क्रोनो ट्रिगर: एकाला वही लागते

स्क्वेअर या जपानी कंपनीचा सगळ्यात चांगला गेम कोणता, हा वाद कुठूनही सुरू झाला तरी फिरून फिरून दोन नावांवर येतो. सातव्या फायनल फँटसीचे चाहते संख्येने जास्त असतील, ‘सीक्रेट ऑफ माना’वाले आवाज चढवून बोलतात, पण सगळे दमले की उरतात ते एप्रिल १९९४ मधला फायनल फँटसी सहा आणि मार्च १९९५ मधला क्रोनो ट्रिगर. दोन्ही निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलचे, मध्ये जेमतेम अकरा महिने. योशिनोरी किताझे दोन्हीकडच्या दिग्दर्शकांमध्ये आहेत, हिरोनोबू साकागुची दोन्हींच्या मागे उभे आहेत. सख्ख्या भावंडांची तुलना आहे ही, त्यामुळे कुणाचा पाणउतारा व्हायचं कारण नाही.

एटीबी (पट्टी भरली की चाल करायची, ही लढाईची पद्धत) म्हणजे काय, लेव्हल कशी वाढते, हे इथे सांगत नाही. प्रश्न एवढाच की एका गेमपुरताच वेळ असेल तर कुठला लावायचा. सावकाश खेळलं तर सहाला ३५ ते ४० तास धरा, क्रोनोला २० ते २५. नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्याचा निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. पण तास कमी म्हणून क्रोनो घ्या, असं म्हणणं मला पटत नाही. सहामधले ते जादाचे तास जातात कुठे, ते आधी बघावं.

चाहते पहिला मुद्दा काढतात तो रॅण्डम एन्काउंटरचा. सहामध्ये चालता चालता न दिसणारा शत्रू गाठतो आणि लढाईचा वेगळा पडदा उघडतो. क्रोनोमध्ये शत्रू वाटेतच उभे दिसतात आणि लढाई तिथल्या तिथे होते. ‘म्हणजे टाळता येतात,’ असं लगेच सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. बऱ्याच लढाया पटकथेतच बसवलेल्या आहेत, ठरावीक जागी पाय पडला की झुडपातून ते बाहेर येणारच. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाऊन परत आलात की मारलेले पुन्हा हजर. क्रोनोत काळातून मागेपुढे जायचं असतं; खरोखर टाळण्याची गंमत २३०० सालच्या गटारात आहे. तिथे जमिनीवर पडलेल्या वस्तूंना धक्का लागला की आवाज होतो आणि शत्रू धावून येतात. कडेकडेने गेलात तर निम्म्या लढाया वाचतात. बाकी ठिकाणी क्रोनो हलका वाटतो तो लढाया लवकर आटोपतात म्हणून.

क्रोनोच्या लढाईत जागेला महत्त्व आहे. नायक क्रोनोचं ‘सायक्लोन’ एका वर्तुळातल्या सगळ्यांना लागतं, त्याची सोबतीण ल्युकाचं ‘फ्लेम टॉस’ एका रेषेत. शत्रू इकडेतिकडे फिरत असतात, त्यामुळे दोघे जवळ येईपर्यंत थांबून मारलं तर एका फटक्यात काम होतं. कुरकुर करायला जागा आहे ती इथेच: शत्रू फिरतात, आपली माणसं मात्र खिळ्यासारखी उभी. पट्टी भरलेली असते, आपण योग्य क्षणाची वाट बघत असतो, आणि तेवढ्यात समोरचा एक ठोसा लगावून जातो. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह’ऐवजी ‘वेट’ ठेवलं तर टेकची (खास चालींची) किंवा सामानाची यादी उघडी असेपर्यंत वेळ थांबतो. निदान निवडायला तरी उसंत मिळते.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकलं, तिच्याकडे वळतो.

सहामध्ये झोझो शहरात मॅजिसाइट (एस्पर नावाच्या जादुई प्राण्यांची शक्ती असलेले दगड) हाती आली की मेनूच्या आत दुसराच एक खेळ सुरू होतो. प्रत्येक पात्राला एक एस्पर लावायचा. लढाईतून मिळालेले मॅजिक पॉइंट त्या एस्परच्या दराने गुणले जातात आणि शंभर टक्के झाले की मंत्र कायमचा आपला. रामूचं उदाहरण घ्या: थंडरचा दर १०, पॉयझनचा ५, थंडाराचा २. म्हणजे थंडर १० पॉइंटांत येतं, पॉयझन २० मध्ये, थंडारा ५० मध्ये. इथपर्यंत सगळं छान आहे.

गोम पुढे आहे. लेव्हल वाढते त्या क्षणी जो एस्पर अंगावर असेल, त्याचा बोनस त्या पात्राला कायमचा चिकटतो. मूळ आवृत्तीत रामू स्टॅमिना एकाने वाढवतो, इफ्रीट ताकद एकाने, बिस्मार्क दोनाने. बहामुत असेल तर त्या लेव्हलला मिळणारा एचपी (जीवशक्ती) दीडपट होतो. शिवा, युनिकॉर्न, फीनिक्स काहीच देत नाहीत. आणि फीनिक्सकडे मेलेल्याला उठवणारे मंत्र आहेत, ते तर शिकायचेच असतात. मग होतं असं: मंत्रासाठी फीनिक्स लावा, लेव्हल जवळ आली की काढून बिस्मार्क लावा, लेव्हल झाली की पुन्हा फीनिक्स. चार पात्रांचे चार हिशेब, म्हणून वही. अनुभवाचे पॉइंट लढाईअखेर जिवंत असलेल्यांत वाटले जातात, म्हणून एखादा मध्येच आडवा झाला की त्याची लेव्हल बाकीच्यांच्या मागे पडते आणि वहीतलं पान पुन्हा लिहावं लागतं. झोझोच्या आधी मिळवलेल्या लेव्हलना बोनस नसतोच, म्हणून जाणकार सल्ला देतात की तिथपर्यंत कमीत कमी लढा. पुढे बोनस मिळावा म्हणून आज खेळू नका, असा याचा अर्थ!

त्यात एक एस्पर एका वेळी एकाकडेच राहतो. हवा तो दुसऱ्याने घेतला असेल तर मेनू त्याचं नाव सांगून मोकळा होतो. फीनिक्सच्या गुहेत दोन तुकड्या करायच्या, खलनायक केफ्काच्या मनोऱ्यात तीन. तीन तुकड्या म्हणजे बारा माणसं. त्यांची शस्त्रं, रेलिक (अंगावर घालायच्या खास वस्तू) आणि एस्पर वाटणं हे लग्नघरातली भाड्याची भांडी मोजून देण्यासारखं काम आहे. आत शिरल्यावर लक्षात येतं की बरे करणारे दोघेही एकाच तुकडीत गेले.

ओडिनचा किस्सा तर नमुनेदार. मूळ आवृत्तीत लेव्हलमागे वेग वाढवणारा हा एकटा एस्पर. वाळवंटाखालच्या प्राचीन किल्ल्यात दगड झालेल्या राणीजवळ गेलात की ओडिनचा रायडेन होतो, वेग जातो आणि त्याऐवजी ताकद मिळते. परतीचा रस्ता नाही. दृश्य सुंदर आहे, साधा खेळाडू ते बघायला जाणारच, आणि ज्याला वेग हवा होता त्याची वही तिथेच मिटते.

सहाचे चाहते यावर म्हणतात की बोनस न घेताही गेम सहज संपतो. मान्य, अगदी मान्य; शेवटचा भाग सोपाच आहे. पण पडद्यावर एकदा दिसलेला आकडा न दिसल्यासारखा करता येत नाही. शिवाय खरं दुखणं आकड्यांच्या पलीकडे आहे. सॅबिनचे ब्लिट्झ, एडगरची यंत्रं, गाऊने रानात जमवलेले राक्षसांचे अवतार: सुरुवातीला प्रत्येकाची चाल वेगळी. गोगो आणि उमारो सोडले तर बाकी बाराही जण एस्परवरून तेच मंत्र शिकतात, आणि शेवटाकडे सगळ्यांच्या तोंडी ‘अल्टिमा’ असतं. इतकी निरनिराळी माणसं जमवली, आणि शेवटी एका गणवेशात उभी केली.

क्रोनोत हे होत नाही. मार्ल शेवटपर्यंत बर्फ आणि पाण्याची, ल्युका आगीची, नायक क्रोनो विजेचा. वेगळेपण जोड्यांमध्ये आहे. क्रोनोचं सायक्लोन आणि मार्लचं ऑरा मिळून ‘ऑरा व्हर्ल’ होतं, म्हणजे सगळ्या पार्टीला एकदम बरं करण्याची सोय, तीही बऱ्यापैकी लवकर. क्रोनो आणि फ्रॉग यांचं ‘एक्स-स्ट्राइक’ बरेच तास पुरतं. दोघांच्याही पट्ट्या भरलेल्या लागतात, एवढीच अट. बाहेर बसलेल्यांनाही अनुभवाचा तीन-चतुर्थांश वाटा मिळतो (टेक पॉइंट मात्र नाहीत), त्यामुळे रोबोला दहा तासांनी लढाईत घेतलं तरी तो लाजिरवाणा ठरत नाही. आकड्यांशी खेळायचंच असेल तर टॅब आहेत: एक टॅब, एक कायमचा गुण. वेगाचे टॅब ल्युका आणि रोबोला द्या. दोघंही फार हळू आहेत आणि वेगाची कमाल १६ च आहे. झाला हिशेब.

तरीही सहाची बाजू हलकी नाही, आणि इथे मी जरा थांबतो. अर्ध्यावर जग मोडतं आणि तुम्ही एकट्या सेलीसला घेऊन एका बेटावर जागे होता. त्यानंतर एडगर आणि सेट्झर एवढेच सक्तीचे. बाकी कुणाला शोधायचं, कुठल्या क्रमाने, की शोधायचंच नाही, हे सगळं तुमच्यावर. क्रोनोत शेवटाकडे उपकथा उघडतात, पण कालांताच्या ठिकाणी बसलेला म्हातारा जवळजवळ यादीच वाचून दाखवतो. हरवलेली माणसं हुडकत फिरण्याची जी ओढ सहामध्ये आहे ती क्रोनोत नाही. कथेसाठी खेळणाऱ्याने, आणि ज्याला मेनू उघडायला आवडतो त्यानेही, बिनधास्त सहा घ्यावा.

घेतलात तर दोन-तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तरंगत्या खंडावरून पळताना सहा मिनिटांची उलटी मोजणी असते. कडेला पोहोचलात की जहाजावर उडी मारायची घाई करू नका. ‘थांबा’ निवडा आणि शेवटचे पाच सेकंद उरेपर्यंत उभे राहा, तरच शॅडो हा साथीदार येतो. आधी उडी मारली तर तो कायमचा गेला. सेलीसच्या बेटावर आजारी सिडला मासे खाऊ घालताना फक्त झपाझप पोहणारेच पकडा. संथ मासे त्याची तब्येत आणखी बिघडवतात. भुताच्या रेल्वेशी लढताना फीनिक्स डाउन (पडलेल्याला उठवणारी वस्तू) वापरलं की ती एका झटक्यात संपते, कारण ती मृतांमध्ये मोडते. पण सॅबिनने ती आख्खी गाडी उचलून आपटावी, ही मजा त्यात जाते. माझ्या मते आपटावीच.

आवृत्तीचा प्रश्न इथे नुसता तपशील नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे आठ-बिटवाले गेम होते. हे दोन्ही बहुतेकांनी पुढे संगणकावर किंवा फोनवरच पाहिले, म्हणजे कुठली तरी नंतरची आवृत्ती. सहाच्या मूळ कार्ट्रिजमध्ये ‘इव्हेड’चा (वार चुकवण्याचा) आकडा काहीही करत नाही, शस्त्राचा वारही जादू चुकवण्याच्या आकड्यावरच चुकतो. रेल्मचं ‘स्केच’ तर चुकीच्या क्षणी सामानाची यादी उधळून टाकू शकतं. हे दोष २००६ च्या गेम बॉय ॲडव्हान्स आवृत्तीत काढले. त्याच आवृत्तीत जादा गुहा आणि जादा एस्पर होते, ते २०२२ च्या पिक्सेल रीमास्टर या नव्याने घडवलेल्या आवृत्तीत नाहीत. त्याऐवजी ऑपेराचा प्रसंग खऱ्या गळ्यांनी गायलेला आहे. पिक्सेल रीमास्टरच्या कन्सोल आवृत्तीत एन्काउंटर बंद करता येतात आणि अनुभवाचा दर कमीजास्त, अगदी शून्यही करता येतो. वाटेल की वहीची कटकट मिटली. माझा अनुभव उलटा: झोझोपर्यंत अनुभव शून्यावर ठेवू का, मग कधी वाढवू, असे नवे रकाने त्याच वहीत पडतात.

क्रोनोची स्टीम (म्हणजे संगणकावरची) आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आली तेव्हा फोनवरचीच उचलून ठेवल्यासारखी होती, आणि लोकांनी झोडपली ते रास्तच होतं. त्या वर्षभरातल्या दुरुस्त्यांनी ती खेळण्यासारखी झाली. सेटिंगमध्ये जाऊन मूळ चित्रशैली निवडा, एवढं मात्र पहिल्या पाच मिनिटांत करून टाका. डीएस आवृत्तीतला ‘लॉस्ट सँक्टम’ही तिच्यात आहे. तो डोंगर वर-खाली करत निरोप पोहोचवण्याचा भाग आहे, गाळला तरी कथेचं काही अडत नाही. प्लेस्टेशनच्या १९९९ मधल्या आवृत्त्या दोन्ही गेमच्या टाळाव्यात. लढाई आणि मेनूच्या आधी लोडिंगसाठी थांबावं लागतं, आणि सहामध्ये मेनू किती वेळा उघडतो ते वर आलंच आहे.

क्रोनो निवडलात तर वही एका ठिकाणी लागते, तेवढी ठेवा. काही पेट्या शिक्का मारलेल्या काळ्या आहेत. झील या प्राचीन राज्यात लॉकेटात शक्ती भरून घेतल्यावरच त्या उघडतात. यांतल्या काही इसवी सन ६०० आणि इसवी सन १००० अशा दोन्ही काळांत त्याच जागी आहेत. ६०० मध्ये पेटीला हात लावा, पण वस्तू घ्यायची का विचारलं की नको म्हणा. मग १००० मध्ये जाऊन तीच पेटी उघडा. चारशे वर्षं मुरलेली, जास्त ताकदीची वस्तू मिळते. ती घेतली की परत ६०० मध्ये जाऊन साधी वस्तूही उचला. क्रम उलटा झाला तर १००० मधली पेटी रिकामीच. गार्डियाचा किल्ला, ट्रूसची खाणावळ, पोरच्या वडीलधाऱ्याचं घर: कुठे ‘नको’ म्हणून आलोय, ते एका चिठ्ठीवर मावतं.