पोलोला आयबाखचे स्प्रिंग आणि बिल्स्टीन बी८ शॉकअप : किल्ली मात्र बंप रबरची

मागच्या डाव्या शॉकअपनं तेल सोडलं आणि हे सगळं सुरू झालं. गाडी सेकंडहँड घेतलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. आधीच्या मालकानं गाडीची उंची कमी करणारे आयबाख कंपनीचे प्रो-किट स्प्रिंग टाकले होते, शॉकअप मात्र मूळचेच ठेवले होते. गाडी देताना त्यांनी कंपनीचे चारही स्प्रिंग पोत्यात बांधून डिकीत ठेवले, याबद्दल त्यांचे आभार. आता थेट मुद्द्यावर येतो.

कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून किणीकडं जाताना सहापदरीच्या कामामुळं गाडी सारखी सर्व्हिस रोडला उतरते आणि परत महामार्गावर चढते. त्या प्रत्येक उतारावर मागची बाजू दबायची, वर यायची, परत दबायची आणि मग खालून ‘ठप्प’ असा लोखंडी आवाज. मागं आई बसलेली असली की तिला दोन वेळा उसळी बसायची. तिच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, त्यामुळं जोतिबाला जायचं म्हटलं की ती एसटीनं येते म्हणायला लागली. मला हे फार लागलं.

शहरातल्या एका नावाजलेल्या सस्पेन्शनवाल्याकडं गाडी दाखवली. त्यानं दोन मार्ग सांगितले : शॉकअप उघडून जाड तेल भरून देतो, नाहीतर मागची जोडी मूळची नवी टाकतो. स्प्रिंग उत्तम आहेत, म्हणाला. स्प्रिंग उत्तम आहेत तर एवढ्या कमी चाललेल्या गाडीचा शॉकअप गेलाच कसा, हे मी तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. कारण कळल्याशिवाय मी पैसे सोडत नाही. गाडी तशीच उद्यमनगरात नेली.

उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्या मामांनी शॉकअप खाली काढला, धूळकव्हर वर सरकवलं आणि आतून पिवळा भुगा सांडला. तो होता बंप रबर. दांड्यावर फोमचा जाड तुकडा असायला हवा, तिथं नखाएवढे चार तुकडे शिल्लक. मामा म्हणाले, “मालक, स्प्रिंग नवं हाय ते दिसतंय की. पर त्याला धरणारं कोण? गाडी स्प्रिंगवर नव्हतीच, ह्या रबरावर बसली हुती.”

सगळं या वाक्यात आलं. बंप रबर हा शेवटचा आधार असतो. चाक फार वर गेलं की शॉकअपची बॉडी त्या रबरावर टेकते आणि लोखंडावर लोखंड आदळत नाही. मूळ उंचीवर या रबराच्या खाली मोकळी जागा असते. गाडी ३० मिमी खाली घेतली की त्या जागेतले तेवढे मिलिमीटर उभ्या गाडीतच संपतात. मूळ लांबीचा रबर तसाच ठेवला तर चार माणसं बसल्यावर गाडी जवळजवळ त्यावरच चालते. मग रबर चुरगळतो, आणि रबर गेला की शॉकअप आतल्या आत तळाला आपटतो. सील फुटतं, तेल बाहेर. यात ना शॉकअपच्या कंपनीचा दोष, ना स्प्रिंगच्या. दोघांची जोडी जमवताना मधला हा तुकडा कोणी पाहिलाच नाही, एवढंच.

वळणावर तर हे आणखी वाईट. बाहेरचं चाक दबतं, रबर एकदम टेकतो, आणि त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात वाढतो. टायरची पकड तेवढ्यात सुटते. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना खड्डा असलेल्या वळणावर पुढचं टोक जे बाहेर फेकलं जायचं ते यामुळंच. लोक याला स्प्रिंगचा कडकपणा समजतात. माझ्या मते लोअर केलेल्या गाड्यांबद्दलच्या निम्म्या तक्रारी या रबराच्या असतात.

आता शॉकअपचं. स्प्रिंग ताकद साठवतो, शॉकअप ती जिरवतो. उंची कमी झाली की चाकाला वर जायला जागा कमी, म्हणून लोअरिंग स्प्रिंग कडक करावाच लागतो. कडक स्प्रिंग दबल्यावर परत जोरात उसळतो, आणि ती उसळी आवरण्याची ताकद मूळ शॉकअपमध्ये मूळ स्प्रिंगच्या मापानं दिलेली असते. हिशेबच करायचा तर गाडीचं वजन तेच ठेवून स्प्रिंग २५ टक्के कडक केला, तर तेवढाच आवर राहण्यासाठी डॅम्पिंग, म्हणजे उसळी जिरवण्याची ताकद, सुमारे १२ टक्के वाढवावं लागतं, कारण ते वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. नव्याकोऱ्या शॉकअपला हा फरक सोसतो. म्हणून प्रो-किटसारखे सौम्य स्प्रिंग मूळ शॉकअपवरही चालतात असं सांगितलं जातं. चालत असतील, रस्ते गुळगुळीत आणि शॉकअप ताजे असतील तर. आमच्याकडं उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याचं काय करतात ते कागल ते शिरोळ कुठंही बघा.

पर्याय तीन होते. मूळ स्प्रिंग परत टाकून मूळचेच शॉकअप घ्यायचे, हा सगळ्यात स्वस्त. दुसरा कोनी कंपनीचा पिवळा शॉकअप, ज्यात उसळीचा आवर हातानं कमी-जास्त करता येतो. तिसरा बिल्स्टीन. बिल्स्टीनमध्ये बी४ मूळच्या जागी घालायला, बी६ मूळ उंचीच्या गाडीला जास्त आवर म्हणून, आणि बी८ खास लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. आयबाखचे प्रो-किट स्प्रिंग आणि बी८ मिळून जो संच होतो तो बी१२ नावानं विकलाही जातो, म्हणजे माझ्या स्प्रिंगची जोडी कारखान्यातच जमवलेली आहे. आखूड असण्याचा फायदा दोन बाजूंनी : दबताना पिस्टन तळाच्या फार जवळ काम करत नाही, आणि चाक लोंबकळताना आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहतो.

किंमत ऐकून दोन आठवडे मी गप्प होतो. शॉकअपचा सेट स्प्रिंगच्या दुपटीच्या पुढं जातो. पण मूळ शॉकअप याच स्प्रिंगवर पुन्हा टाकून पुन्हा फोडायचे, तर तो खर्च दर दोन-तीन वर्षांनी. बी८ घेतले. सोबत नवे बंप रबर, धूळकव्हर, पुढची वरची माउंटिंग आणि बेअरिंग. या शेवटच्या चार गोष्टींवर कोणीही पैसे वाचवू नयेत. एकूण बिलात त्यांचा वाटा किरकोळ, आणि मजुरी मात्र परत पूर्ण लागते.

बसवताना भांडण झालं. काम आधी एका चकाचक वर्कशॉपला दिलं होतं, आगाऊ रक्कमही भरली होती. पोरानं वरच्या नटाला हवेची गन लावली. गननं दांडा आतल्या सीलवर गरागरा फिरतो आणि नवा शॉकअप पहिल्याच दिवशी ओरखडतो. मी गन बंद करायला लावली. मालक म्हणाला, रोजचं काम आहे, काही होत नाही. मी त्याच्यासमोर डब्यातला कागद उघडून चित्र दाखवलं : दांडा चावीनं धरायचा, नट पान्यानं आवळायचा. तरी ऐकेना. मग सगळं सामान उचललं आणि बाहेर पडलो. आगाऊ रकमेतली निम्मीच परत मिळाली, आणि त्या निम्म्याबद्दल मला आजही राग आहे.

मामांनी दोन दिवस घेतले. कंपनीचा लांब रबर कापून ढकलायचा नाही, शॉकअपबरोबर सांगितलेल्याच लांबीचा घालायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर टेकवून मगच पूर्ण आवळले. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना ते आवळले तर बुश, म्हणजे जोडातला रबर, कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर अलाइनमेंट केली, कारण उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बदलतोच. मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, या गाडीत सरळ बदलता येत नाही, त्यामुळं मागच्या टायरची आतली कड अधूनमधून हात फिरवून बघतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा.

पहिल्या आठवड्याचं मत असं होतं : घाटात अप्रतिम, शहरात त्रासदायक. बी८ हा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप. त्यात तेल आणि दाबलेला वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळं तेलाला फेस येत नाही आणि लांब घाटातही आवर ढिला पडत नाही. बिल्स्टीननं हे तंत्र १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आणलं. गगनबावड्याहून उतरताना पहिल्या वळणाला गाडी जशी धरते तशीच शेवटच्या वळणाला धरते. पण ताराबाई पार्कातल्या चिरलेल्या डांबरावर प्रत्येक भेग हाताला जाणवायची, आणि रंकाळ्याच्या बाजूला पेव्हिंग ब्लॉकवर सगळी गाडी थरथरायची. तेव्हा मी मित्रांना सांगत होतो की शहरातच फिरणाऱ्यानं हे घेऊ नये.

पावसाळा आणि उसाचा हंगाम दोन्ही उलटल्यावर ते मत मी बदललं आहे. थरथरीचा मोठा भाग टायरमधल्या हवेचा होता. पेट्रोल पंपावरचा हवावाला विचारल्याशिवाय ३६-३८ पीएसआय भरतो. गाडीवर चिकटवलेल्या कंपनीच्या तक्त्यात कमी माणसांसाठी दिलेला आकडा भरायला लावल्यापासून पेव्हिंग ब्लॉकची थरथर सुसह्य झाली. मूळ शॉकअपवर हा फरक एवढा कळत नव्हता, कारण तिथं सगळंच हलत होतं. भेगा अजून जाणवतात, पण एकदाच. जाणवलं आणि संपलं. आधी तीच भेग गाडीत फिरत राहायची.

दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. वायूच्या दाबामुळं दांडा बाहेर ढकलला जातो, त्यामुळं शॉकअप बसवल्यावर गाडी काही मिलिमीटर वर आली. ऐकायला क्षुल्लक, पण आमच्या गल्लीच्या तोंडाच्या गतिरोधकावर इंजिनच्या चेंबरखालचा पत्रा घासायचा तो थांबला. यात उंचीपेक्षा आवराचा वाटा जास्त आहे : उतरताना गाडी दुसऱ्यांदा दबतच नाही, आणि पत्रा घासायचा तो त्या दुसऱ्या दबण्यातच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ किमीनं आरामात ओलांडता येईल असा सांगितला आहे. तसे असते तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता. गल्लीतले लोक हातभर रुंदीत तेवढीच उंची बसवतात आणि त्यावर तिरकं गेल्याशिवाय इलाज नाही.

आई आता मागच्या सीटवर बसून जोतिबाला येते. डोंगर चढून वर पोचल्यावर तिनं पाठ धरली नाही, माझ्यासाठी या खर्चाचं सगळ्यात मोठं उत्तर ते.

कायद्याचंही लिहितो, कारण बरेच जण ते टाळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. विम्याच्या कंपनीला लेखी कळवावं, आणि मूळ स्प्रिंग विकू नयेत. माझे अजून त्याच पोत्यात माळ्यावर आहेत. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती : कापलेल्या टोकाला बैठक नसते, तो जागेवरून सरकतो आणि जीव जाऊ शकतो.

गेल्या महिनाभरात तीन जणांनी एकच प्रश्न विचारला : पैसे कमी आहेत, तर आत्ता पुढचे दोन घेऊ आणि मागचे दिवाळीला घेऊ का? नको. पुढं नवा आवर आणि मागं जुनं ढिलेपण असेल तर महामार्गावर लेन बदलताना मागची बाजू उशिरा स्थिरावते, आणि ते चारही जुने असण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे. त्यापेक्षा माळ्यावरचे मूळ स्प्रिंग काढा, नवे बंप रबर घाला, शॉकअप गळत नसतील तर तेच ठेवा आणि पूर्ण सेटचे पैसे जमेपर्यंत गाडी मूळ उंचीवर चालवा. मजुरी एकदा जास्त जाईल. तेवढी मी स्वतःही आनंदानं दिली असती.